डोंगराएवढ्या ढिगातून एक ग्रॅम

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातलं प्रत्येक शीत त्याच पाण्यात, त्याच आचेवर शिजलेलं असतं. खाणीच्या टाकाऊ ढिगाला हा न्याय लागू पडत नाही. तरीही बंद खाणीची सरकारी पाहणी म्हटली की बहुतेकांना वाटतं, अधिकारी आले, मूठभर माती पिशवीत भरली, प्रयोगशाळेत पाठवली, काम झालं. ती मूठ कुठून आणि कशी घेतली, यावर अख्ख्या गावाचा निकाल फिरू शकतो.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातलं पिचर हे शिसं आणि जस्ताच्या खाणींचं गाव होतं. १९७०च्या सुमारास खाणी बंद पडल्या आणि मागे खडीचे प्रचंड ढीग उरले, काही तर साठ मीटरपर्यंत उंच. मुलं त्यांवर खेळायची, लोक तीच खडी अंगणात आणि रस्त्यावर पसरायचे. १९८३ मध्ये हा परिसर ‘टार क्रीक’ या नावाने सुपरफंडच्या, म्हणजे देशातल्या सर्वांत दूषित जागांच्या यादीत गेला. १९९४ मध्ये तिथल्या आदिवासी मुलांचं रक्त तपासलं, तेव्हा साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये शिसं दर डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निघालं.

आता ढिगाच्या आत पाहू. शिशाचं खनिज गॅलेना मऊ आणि ठिसूळ, घाव बसला की त्याचे बारीक चौकोनी तुकडे उडतात. त्याच्या भोवतीचा चर्ट हा दगड गारगोटीसारखा टणक. दोन्ही एकत्र भरडले की चर्टची खडी होते आणि गॅलेनाची भुकटी. म्हणून शिशाचं प्रमाण बारीक कणांमध्ये जास्त सापडतं, आणि बोटांना चिकटून तोंडात जातात तेही हेच कण. त्यात ढीग ओतताना जाड खडी गडगडत पायथ्याशी येते. तिथूनच सोयीने फावडंभर उचललं, तर ढीग आहे त्यापेक्षा निर्धोक दिसेल.

जाड कणांचा आणखी एक त्रास फ्रेंच अभियंता पिएर गी यांनी गणितात मांडला. नमुना कितीही काळजीपूर्वक घेतला तरी त्यात काही चूक उरतेच. तिचं विचरण, म्हणजे पुन्हापुन्हा नमुने घेतले तर आकडे किती विखुरतील त्याचं माप, कणाच्या व्यासाच्या घनाच्या समप्रमाणात आणि नमुन्याच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. कण दुप्पट जाड झाला, तर तेवढ्याच विश्वासासाठी आठपट वजनाचा नमुना लागतो. दहापट जाड झाला तर हजारपट! प्रयोगशाळेत आम्लात विरघळवतात ते मात्र जेमतेम ग्रॅमभर. त्या ग्रॅममध्ये गॅलेनाचा एक जाडसर कण आला तर आकडा आकाशाला भिडतो, नाही आला तर जमिनीवर.

म्हणून ढिगाचे भाग पाडून प्रत्येक भागातून ३० ते १०० ठिकाणची चिमूट-चिमूट गोळा करतात आणि एकत्र करतात. मग वाळवणं आणि चाळणं. मुलांच्या पोटात काय जाईल हे शोधायचं असेल, तर अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१६ पासून १५० मायक्रॉन (०.१५ मिलिमीटर) छिद्रांची चाळणी सुचवली आहे; आधी ती २५० मायक्रॉनची होती. इथे क्रम फार महत्त्वाचा. चाळण्याआधीच सगळं दळलं, तर चर्टचं पीठ त्यात मिसळून शिशाचा आकडा खाली येतो. नमुना तोच, उत्तर वेगळं.

हातमोजे दर नमुन्याला नवे, फावडं दर वेळी धुतलेलं, आणि धुतल्यावर त्यावरून ओघळलेलं शुद्ध पाणीसुद्धा तपासायला जातं. खाणीचा स्पर्श न झालेल्या जवळच्या जमिनीतूनही नमुना घ्यावाच लागतो, कारण सुपरफंडच्या गुणांकन पद्धतीत प्रदूषण पसरल्याचं ठरवायला साधारणपणे या नैसर्गिक पातळीच्या तिप्पट किंवा जास्त प्रमाण दाखवावं लागतं. आणि एकाच भागातून स्वतंत्रपणे तीनदा असा एकत्रित नमुना गोळा करतात. तिन्ही आकडे एकमेकांपासून फार लांब पडले, तर त्यांची सरासरी काढून वेळ मारून नेता येत नाही. जास्त ठिकाणांहून चिमटी घ्यायला पुन्हा ढिगावर जावं लागतं.