‘करंट सीटीसी किती?’ हा प्रश्न मुलाखतीच्या आधी कसा आला

नवी मुंबईत ऐरोली, महापे किंवा घणसोलीतल्या नोकरीसाठी पहिला फोन येतो तो पाच-दहा मिनिटांचा. सध्याचं सीटीसी (कॉस्ट टू कंपनी) किती, अपेक्षा किती, नोटीस पिरियड किती आणि राहता कुठे, एवढंच त्यात विचारतात. काम काय केलंत हे नंतर. पगाराचा विषय शेवटी काढावा, हा जुना सल्ला इथे चालत नाही, कारण तो विषय समोरूनच सगळ्यात आधी निघतो.

कारखान्यांच्या काळात ही वेळ यायची नाही. 1962 मध्ये एमआयडीसी सुरू झाली, आधी वागळे इस्टेट आणि मग ठाणे-बेलापूर रोड भरत गेला. मोठ्या कारखान्यांत बेसिक आणि डीए युनियनच्या कराराने ठरलेले असायचे, त्यामुळे घासाघीस करायला जागाच नव्हती. मुलाखत म्हणजे मुख्यतः ट्रेड टेस्ट. फिटरला लोखंडाचा तुकडा कानसून काटकोनात आणायला द्यायचे, ट्राय स्क्वेअर लावून उजेडाकडे धरायचे आणि फटीतून उजेड दिसला की परत पाठवायचे. नवी मुंबईसाठी ज्या 95 गावांच्या जमिनी गेल्या, तिथली मुलं अर्जाला प्रकल्पग्रस्त दाखला जोडायची. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या कार्डावर पुष्कळांची भिस्त असे. पण 1959 च्या कायद्याने रिकाम्या जागा फक्त कळवणं सक्तीचं केलं होतं, तिथूनच माणूस घ्यायची सक्ती नव्हती.

कॉल सेंटरं आणि आयटी पार्कं आली तसं हे बदललं. 2004 मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली आणि कल्याण-डोंबिवलीचा उमेदवार ठाण्याला गाडी बदलून ऐरोलीच्या वॉक-इनला वेळेत पोचू लागला. एका जागेला शेकडो बायोडेटा. गाळणी लावायची तर सगळ्यात सोपी आकड्याची, आणि तो आकडा म्हणजे सीटीसी.

सगळा गुंता याच शब्दात आहे. सीटीसी म्हणजे कंपनीला तुमच्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, तुमचा पगार नव्हे. 4,80,000 ची ऑफर घ्या. बेसिक महिना 20,000, व्हेरिएबल म्हणजे कामगिरीवर मिळणारा भाग सीटीसीच्या 10 टक्के आणि पीएफ पूर्ण बेसिकवर, असं धरू. व्हेरिएबलचे 48,000 वर्षअखेरीला, तेही मिळाले तर. कंपनीचा पीएफ 12 टक्क्यांनी 28,800. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी रक्कम, बेसिकच्या 4.81 टक्क्यांनी साधारण 11,544. ग्रुप इन्शुरन्सचा हप्ता 6,000 धरला, तर उरतात 3,85,656, म्हणजे महिन्याला 32,138. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ 2,400 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 गेला की हातात 29,538. चाळीस हजार म्हणून घरी सांगितलेलं असतं, आणि पहिल्या पगाराला चेहरा पडतो.

4.81 हा आकडा कुठून आला? वर्षाला 15 दिवसांचा पगार, महिना 26 दिवसांचा धरून. परमनंट माणसाने पाच वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ग्रॅच्युइटी सहसा मिळत नाही, तरी सीटीसीत पहिल्या दिवसापासून मोजतात. पीएफचा हिशेबही सगळीकडे सारखा नसतो. काही ठिकाणी 2014 पासूनची 15,000 पगाराची मर्यादा धरून फक्त 1,800 कापतात. दोन ऑफरचं सीटीसी सारखं असूनही हातात येणारी रक्कम वेगळी दिसते, ती यामुळे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग आता वेतनातच धरला जातो, त्यामुळे बेसिक 30 टक्क्यांवर ठेवलेली जुनी सॅलरी स्लिप आणि आजची ऑफर शेजारी ठेवून नुसती बेरीज जुळवण्यात अर्थ नाही.

खरा वाद मात्र जुनं सीटीसी विचारण्याचा आणि शेवटच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागण्याचा आहे. कंपन्या म्हणतात, उमेदवार आकडा फुगवतात. फुगवतात, हे खरंच आहे. पण जुन्या आकड्यावर ठरावीक टक्के चढवून ऑफर काढली की ज्याची सुरुवात कमी पगारावर झाली, तो पुढच्या तीन नोकऱ्यांतही कमीच राहतो. बाळंतपणानंतर तीन वर्षांनी परतणाऱ्या बाईला तर तीन वर्षांपूर्वीचा आकडा चिकटतो. कॅलिफोर्नियात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये 2018 पासून हा प्रश्न विचारायला बंदी आहे. आपल्याकडे तशी बंदी नाही. जागेचं बजेट कंपनीने आधीच ठरवलेलं असतं, मग उमेदवाराचा जुना पगार लागतो कशाला, याचं पटणारं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

खोटं मात्र सांगू नये. फॉर्म 16 आणि पीएफचं पासबुक मागितलं की उघडं पडतं, आणि दिलेली ऑफर मागे घेतली जाते. त्यापेक्षा फोन येण्याआधी फिक्स्ड, व्हेरिएबल आणि इन-हँड हे तीन आकडे कागदावर लिहून ठेवावेत, वेगवेगळे सांगावेत आणि लगेच विचारावं, ‘या जागेचं बजेट काय आहे?’ ऑफर हातात येण्याआधी स्लिप द्यावीच लागली तर पॅन आणि बँक खात्याचा नंबर झाकून द्यावी. व्हेरिएबल किती टक्के हे सगळेच विचारतात. मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के वाटला, हे विचारलं की खरं चित्र कळतं.

मुलाखत घेणाऱ्यांसाठीही इथे एक मुद्दा आहे. सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आणि उत्तर संपताच गुण, अशा बांधीव मुलाखतीचा पुढच्या कामाशी मेळ जास्त बसतो. 1998 च्या एका मोठ्या आढाव्यात हा सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.51 होता, मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.38. 2022 च्या फेरहिशेबात दोन्ही आकडे उतरले, 0.42 आणि 0.19, पण अंतर वाढलं. एवढी शिस्त पाळूनही पॅनेलच्या कागदावर वर कोपऱ्यात करंट सीटीसी छापलेलं असेल, तर बारा लाखवाल्याचं तेच उत्तर चार लाखवाल्यापेक्षा भारी वाटतं. तो रकाना एचआरच्या कागदावर राहू द्यावा, पॅनेलच्या कागदावर नको.

2020 नंतर पहिल्या फेऱ्या व्हिडिओवर गेल्या, तरी ‘राहता कुठे?’ हा प्रश्न टिकून आहे. बदलापूरहून ऐरोली म्हणजे ठाण्याला उतरून नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म गाठायचा, आणि मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या शिफ्टला लोकल नसते. म्हणून पत्ता सांगतानाच पिकअप-ड्रॉपचं विचारून घ्यावं: गाडी आहे का, कुठल्या स्टेशनपर्यंत, आणि तिचे पैसे सीटीसीत धरलेत का. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत बाईला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि तिच्या सुरक्षेची व ने-आण करण्याची सोय मालकाने करायची असते. ऑफर लेटरमध्ये ‘ट्रान्सपोर्ट’ नावाची ओळ त्या पगारातच धरलेली दिसली, तर सही करण्याआधी बोट ठेवायची जागा तीच.