रक्तप्रवाह-नियंत्रित व्यायाम (हॉकी)

हाताच्या किंवा पायाच्या मुळाशी फुगणारा पट्टा बांधून हलक्या वजनाने व्यायाम करण्याची पद्धत. पट्ट्यामुळे शिरांतून परतणारे रक्त अडते, धमनीतून येणारे मात्र कमी प्रमाणात का होईना चालू राहते. खेळाडू व फिजिओ तिला ‘बीएफआर’ (ब्लड फ्लो रिस्ट्रिक्शन) म्हणतात. जपानचे योशिआकी सातो यांनी १९६६ पासून स्वतःवर प्रयोग करून ती घडवली. तिकडे तिचे नाव ‘कात्सु’.

स्नायूला प्राणवायू कमी पडला की सावकाश आकुंचन पावणारे तंतू लवकर थकतात आणि एरवी जड वजनालाच जागे होणारे जलद तंतू कामाला लागतात. त्यामुळे कमाल वजनाच्या २० ते ४० टक्क्यांवरही स्नायू भरतो. आकारातली वाढ जड वजनाच्या जवळपास जाते. ताकदीतली तेवढी नाही.

हॉकीपटू गुडघे वाकवून, कमरेतून खाली झुकून खेळतो. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत आणि अमर्याद बदली खेळाडूंच्या नियमामुळे छोट्या, तीव्र धावा सतत होतात. मांडी व नितंबावर मोठा भार येतो. सामने लागोपाठ असताना जड स्क्वॉटने पाय जखडतात, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर जड वजन उचलताच येत नाही. बीएफआरची खरी जागा या दोन प्रसंगी आहे. धावेचा वेग, उडी आणि ड्रॅगफ्लिकमधला (चेंडू स्टिकने ओढत नेऊन जोरात फेकण्याच्या फटक्यातला) पुढच्या पायाचा झटका यांसाठी जड वजन व वेगवान हालचालीच लागतात.

सगळ्यात जास्त चुका दाबात होतात. धमनी पूर्ण बंद व्हायला लागणारा दाब आधी डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) किंवा स्वयंचलित पट्ट्याने मोजावा आणि त्याच्या ४० ते ८० टक्के दाब ठेवावा. मोजमाप १८० मिमी पारा आले, तर ५० टक्के म्हणजे ९०. हा आकडा मांडीच्या घेरावर, रक्तदाबावर आणि पट्ट्याच्या रुंदीवर अवलंबून असतो. अरुंद पट्ट्याला जास्त दाब लागतो, म्हणून एकाचा आकडा दुसऱ्याला वापरू नये. झोपून घेतलेला आकडा बसल्यावर वा उभे राहिल्यावर कमी पडतो. ज्या स्थितीत व्यायाम, त्याच स्थितीत मोजणी. रबरी पट्टी अंदाजाने आवळली तर दाब किती झाला हे कळतच नाही.

पट्टा जांघेलगत, मांडीच्या अगदी वर बांधावा; गुडघ्याजवळ बांधला तर मज्जातंतू दाबला जाण्याची भीती असते. लेग एक्स्टेंशनमध्ये (यंत्रावर बसून गुडघा सरळ करत वजन उचलण्याच्या व्यायामात) एका वेळी कमाल ८० किलो उचलणाऱ्याने १६ ते २४ किलो घ्यावे. पहिल्या सेटमध्ये ३० आवर्तने, पुढच्या तीन सेटमध्ये प्रत्येकी १५, मधली विश्रांती ३० ते ६० सेकंद आणि पट्टा फुगलेलाच. चौथा सेट झाल्यावर लगेच हवा सोडावी. तिसऱ्या सेटला मांडी जळते, तिथेच अनेकजण अर्धीच हालचाल करून आकडा भरतात. त्यापेक्षा वजन कमी करावे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, मैदानावरच्या सरावानंतर करावे, सामन्याच्या आदल्या दिवशी नाही. पट्टा बांधून ५ ते २० मिनिटे सावकाश चालणे किंवा सायकल हाही एक प्रकार आहे.

पाय लालसर होणे, फुगल्यासारखा वाटणे स्वाभाविक. गुडघ्याच्या वर अंगठा दाबून सोडला की पांढरा ठसा तीन सेकंदांत पुसला गेला पाहिजे. ठसा राहिला, पाय पांढरा-निळा पडला, मुंग्या आल्या किंवा बधिरला, तर दाब जास्त आहे. पट्टा तत्काळ सोडावा. पहिल्याच दिवशी थकून गळेपर्यंत केल्याने स्नायू विरघळून लघवी चहासारखी गडद झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. असे झाल्यास ताबडतोब रुग्णालय गाठावे. रक्ताची गुठळी होऊन गेलेले, सिकलसेल असलेले, अनियंत्रित रक्तदाबाचे रुग्ण व गरोदर स्त्रिया यांनी हा व्यायाम टाळावा. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या खेळाडूंनी आधी डॉक्टरांना विचारावे.

सामन्यापूर्वी काही मिनिटे रक्त पूर्ण थांबवून पुन्हा सोडण्याची एक पद्धत आहे. तीत पट्टा असला तरी व्यायाम नसतो. तिचे दाब इथे वापरू नयेत.