सिलिंडर हेडच्या ओतीव आवृत्त्या

सिलिंडर हेड म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणारे, व्हॉल्व्ह धरणारे झाकण. एकाच घराण्यातल्या इंजिनांसाठी वेगवेगळ्या साच्यांतून ओतलेल्या सिलिंडर हेडांना त्या हेडच्या ओतीव आवृत्त्या म्हणतात. बाहेरून त्या जुळ्या भावंडांसारख्या दिसतात आणि बहुधा एकाच ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य भागावर) बसतातही. फरक असतो तो आत: ज्वलनकक्षाचे आकारमान, पोर्टचा (हवा आत येण्याच्या आणि धूर बाहेर जाण्याच्या वाटेचा) आकार, पाण्याच्या पोकळ्या, स्पार्क प्लगचा कोन आणि भिंतींची जाडी.

आवृत्ती ओळखतात ती हेडवर उठावात आलेल्या कास्टिंग नंबरवरून. रोजच्या बोलण्यात त्याचे शेवटचे तीन आकडेच चालतात. हा नंबर साच्याचा असतो, तयार हेडचा नव्हे. ओतल्यावर सीट (व्हॉल्व्ह टेकण्याच्या जागा) किती मोठ्या कापल्या, व्हॉल्व्ह कोणते घातले, हे मशिन शॉपमध्ये ठरते. शेव्हरोलेच्या स्मॉल ब्लॉक व्ही-८ चे १९६० च्या दशकातले ४६१ हेड १.९४ इंची इनटेक (हवा आत घेणाऱ्या) व्हॉल्व्हसह मिळते आणि २.०२ इंचीसहही. त्याच्या टोकावरची उंटाच्या कुबडांसारख्या दोन उंचवट्यांची खूण पाहून भाव चढवणारे विक्रेते भेटतात, पण ती खूण ४६२ आणि १८६ या नंबरांवरही आहे. १९६९ पासूनच्या १८६ च्या टोकाला जोडउपकरणांसाठी बोल्टची भोके आहेत, आधीच्या हेडांना ती नव्हती. शेजारी तारखेचा संकेतही असतो: महिन्यासाठी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. दशक मात्र आपले आपण ओळखायचे.

या दोन कुबडांच्या हेडांभोवती जितके वलय आहे तितका त्यांचा पराक्रम नाही. १९९६ पासून ट्रकांवर आलेली बिडाची व्होर्टेक हेडे (नंबर ९०६ आणि ०६२) १.९४ इंची व्हॉल्व्हवरही सुधारलेल्या पोर्टमुळे त्यांच्यापेक्षा जास्त हवा ओढतात. अडचण एवढीच की त्यांच्या इनटेक मॅनिफोल्डची (हेडला हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांच्या संचाची) बोल्टरचना निराळी आहे, त्यामुळे जुना मॅनिफोल्ड चालत नाही.

ज्वलनकक्षातला थोडासा फरकही कॉम्प्रेशन रेशोवर (सिलिंडरमधली हवा किती पटीने दाबली जाते त्यावर) चांगलाच उमटतो. जनरल मोटर्सच्या ५.७ लिटरच्या एलएस-१ इंजिनात प्रत्येक सिलिंडर सुमारे ७०८ घनसेंमीचा असतो. २४१ नंबरच्या हेडचा कक्ष सुमारे ६६.७ घनसेंमी, तर ५.३ लिटर ट्रक इंजिनाच्या ७०६ किंवा ८६२ हेडचा सुमारे ६१ असतो. मूळ रेशो १०:१ धरला, तर नुसते हेड बदलून तो १०.७ च्या आसपास जातो. पण ७०६ चा इनटेक व्हॉल्व्ह १.८९ इंचांचा आहे, २४१ चा २ इंचांचा. लहान कक्षाचा फायदा घ्यायचा तर मोठे व्हॉल्व्ह आणि त्यासाठीचे सीटकाम आलेच. ६ लिटर ट्रकांच्या ३१७ चा कक्ष सुमारे ७१ घनसेंमी. त्याने रेशो उतरतो, म्हणून टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) बसवणाऱ्यांना तो हवासा वाटतो. २४३ आणि ७९९ हे नंबर वेगळे असले तरी कक्ष आणि पोर्ट एकच आहेत, तरी २४३ ची किंमत चढीच राहते. त्याचे एक कारण त्याच घराण्यातल्या एलएस-६ इंजिनामधल्या काही २४३ हेडांना मिळालेले सोडियम भरलेले पोकळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ते मात्र ओतकामात नाहीत, नंतर बसवलेले आहेत.

फोर्डच्या जीटी-४० आणि जीटी-४०पी हेडांना ओळखायला टोकावरच्या उभ्या पट्ट्या मोजाव्या लागतात: पहिल्याला तीन, दुसऱ्याला चार. ४०पी मध्ये स्पार्क प्लगचा कोन बदलला आहे, म्हणून ४० साठी घेतलेले हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) त्यावर नीट बसतीलच असे नाही.

नंबर एकच असला तरी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) एक असेलच असे नाही. पोकळी घडवणारा वाळूचा गाभा ओतताना जरासा सरकला, तर एका बाजूची भिंत पातळ होते. पोर्ट घासून रुंद करणाऱ्याला हे भोक पडल्यावरच कळते, म्हणून जाणकार आधी अल्ट्रासॉनिक जाडीमापक लावून भिंत तपासतात. ७०६ च्या बाबतीत फरक याहून महाग पडतो. या नंबरच्या हेडांपैकी ज्यांच्यावर कॅस्टेक या फाउंड्रीची खूण आहे, त्यांतल्या काहींना आतून तडे जातात. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे पाणी) हळूहळू घटत राहते आणि बाहेर गळती कुठेच दिसत नाही. दुसऱ्या फाउंड्रीच्या ७०६ बद्दल ही तक्रार नाही, म्हणून रॉकर कव्हर (हेडच्या वरचे आवरण) काढून फाउंड्रीची खूण पाहिल्याशिवाय असे जुने हेड घेऊ नये.