ग्रंथीला प्रश्न विचारण्याची रीत

निरोगी माणसाच्या एक लिटर रक्तात उपाशीपोटी सुमारे ५ मिलिमोल ग्लुकोज असते. त्याच रक्तात थायरॉइड ग्रंथीने सोडलेले आणि प्रथिनांना न चिकटता मोकळे फिरणारे थायरॉक्सिन मात्र जेमतेम १० ते २० पिकोमोल सापडते. म्हणजे साखरेच्या २५ कोटी रेणूंमागे या संप्रेरकाचा फार तर एखादा रेणू. एवढ्याशा प्रमाणातही घट झाली, तर हृदयाचे ठोके मंदावतात, त्वचा कोरडी पडते, आवाज जाडा होतो आणि विचारांनाही सुस्ती येते. संप्रेरकांच्या विकारांवरील संशोधनाची मूळ अडचण या प्रमाणातच दडलेली आहे, कारण ज्या पदार्थाच्या कमीजास्त होण्याने माणूस आजारी पडतो, तो मोजण्याचे साधनच वैद्यकाजवळ कित्येक दशके नव्हते.

त्या काळातही उत्तम काम झाले, पण ते रुग्णाच्या निरीक्षणातून आणि धाडसी प्रयोगांतून. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये अशक्तपणा आणि त्वचेचा काळवंडलेला रंग यांचा संबंध मूत्रपिंडांवर बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींच्या नाशाशी जोडला, तो शवविच्छेदनाच्या आधारे. जॉर्ज मरे यांनी १८९१ मध्ये थायरॉइड निकामी झालेल्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती सुधारली आणि उपचार चालू ठेवून पुढे २८ वर्षे जगली. संप्रेरकांसाठी ‘हॉर्मोन’ हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी वापरात आणला तो त्यानंतर, १९०५ मध्ये. १९२० च्या दशकात इन्सुलिन हाती आले, तेव्हाही त्याची ताकद सशाच्या रक्तातली साखर किती उतरते यावरूनच ठरवावी लागे. औषध म्हणून बाटलीत भरलेले इन्सुलिन असे जोखता येत होते. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तात ते किती आहे, हे मात्र कळत नव्हते.

ही कोंडी न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात फुटली. रोझलिन यॅलो या भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हे डॉक्टर होते. प्रौढ वयात होणाऱ्या मधुमेहात इन्सुलिन वाजवीपेक्षा लवकर नष्ट होत असावे, अशी एक कल्पना तेव्हा मांडली गेली होती आणि ती तपासण्यासाठी दोघांनी किरणोत्सारी आयोडीन जोडलेले इन्सुलिन रुग्णांना टोचले. निष्पन्न झाले ते नेमके उलटे: पूर्वी इन्सुलिन घेतलेल्या लोकांच्या रक्तात ते अधिक काळ रेंगाळत होते. मधुमेह नसलेल्या, परंतु मानसिक आजारावरील त्या काळच्या उपचारात इन्सुलिन दिल्या गेलेल्या रुग्णांतही तसेच दिसले, तेव्हा कारण आजारात नसून आधीच्या इंजेक्शनांत आहे, हे स्पष्ट झाले. प्राण्यांपासून काढलेल्या इन्सुलिनविरुद्ध शरीराने प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थाला चिकटणारी संरक्षक प्रथिने (अँटिबॉडी), तयार केली होती आणि तीच त्याला धरून ठेवत होती. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊ शकतात, हे त्या वेळच्या तज्ज्ञांना पटेना. शोधनिबंध नाकारला गेला आणि अखेर १९५६ मध्ये शीर्षकातला ‘प्रतिपिंड’ हा शब्द वगळल्यावरच तो छापून आला.

नकार पचवून त्यांनी त्या नकोशा प्रतिपिंडांचेच मोजमापाचे साधन केले, याचे मला फार मोल वाटते. त्यांची पद्धत समजायला सोपी आहे. एका नळीत ठरावीक, आणि मुद्दाम अपुरी, प्रतिपिंडे घ्यायची. त्यात किरणोत्सारी खूण असलेले संप्रेरक ठरावीक मात्रेत घालायचे आणि मग रुग्णाचे सीरम मिसळायचे. प्रतिपिंडांवरच्या मोजक्या जागांसाठी खुणेचे आणि बिनखुणेचे रेणू एकमेकांशी स्पर्धा करतात. रुग्णाचे संप्रेरक जितके जास्त, तितके खुणेचे रेणू बाहेर ढकलले जातात आणि प्रतिपिंडांना चिकटलेला किरणोत्सार तितका कमी भरतो. १९६० मध्ये या रीतीने माणसाच्या रक्तातले इन्सुलिन मोजल्याचे प्रसिद्ध झाले, आणि प्रौढ वयातल्या मधुमेहात अनेकांच्या रक्तात इन्सुलिन कमी नसून भरपूर असते, दोष पेशींनी त्याला दाद न देण्यात आहे, हे आकड्यांनी दाखवता येऊ लागले. या कामासाठी १९७७ मध्ये यॅलो यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते.

मोजता येऊ लागल्यावर दुसरा प्रश्न उभा राहिला: एकदा मोजलेला आकडा खरोखर काय सांगतो? ॲड्रिनल ग्रंथींचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटेपासून चढते, सकाळी शिखर गाठते आणि मध्यरात्रीपर्यंत अगदी खाली येते. वाढीचे संप्रेरक तर झटक्याझटक्याने स्रवते आणि दोन झटक्यांच्या मधे घेतलेल्या नमुन्यात ते जवळजवळ शून्य दिसू शकते. म्हणून संशोधकांनी ग्रंथीला प्रश्न विचारण्याची रीत बसवली. स्राव जास्त असल्याची शंका असेल तर तो दाबून पाहायचा आणि कमी असल्याची शंका असेल तर ग्रंथीला डिवचून पाहायचे. कुशिंग विकाराची, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल सतत जास्त असल्याची, शंका असेल तर रात्री ११ वाजता डेक्सामेथासोनची १ मिलिग्रॅम गोळी देतात. कॉर्टिसॉलसारखे काम करणारा हा कृत्रिम स्टेरॉइड पाहून मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी समजते की शरीरात स्टेरॉइड पुरेसे आहे आणि ॲड्रिनलला हुकूम देणे थांबवते. दुसऱ्या दिवशी सकाळी निरोगी माणसाचे कॉर्टिसॉल दर डेसिलिटरला १.८ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरलेले असते. ते उतरले नाही, तर कुठेतरी ग्रंथी हुकूम जुमानत नाही असा संशय बळावतो. पण संशयच; कारण गर्भनिरोधक गोळ्यांमधील इस्ट्रोजेन कॉर्टिसॉल वाहून नेणारे प्रथिन वाढवते आणि फेपऱ्यावरची काही औषधे डेक्सामेथासोनचा निचरा भराभर करतात. रुग्ण कोणती औषधे घेतो हे विचारल्याशिवाय या चाचणीचा अर्थ लावणे धोक्याचे आहे.

थायरॉइडच्या बाबतीत हाच विचार जोडीने मोजण्यात दिसतो. थायरॉक्सिन किंचित घसरले तरी पिट्युटरीतून येणारे, थायरॉइडला कामाला लावणारे टीएसएच हे संप्रेरक कित्येक पटींनी वाढते. त्यामुळे ग्रंथीपेक्षा तिच्यावर देखरेख करणाऱ्याचा आवाज आधी चढतो. थायरॉक्सिन रक्तातून निम्मे होण्यास सुमारे ७ दिवस लागतात, म्हणून गोळीचा डोस बदलल्यावर किमान सहा आठवडे थांबून मगच पुन्हा तपासणी करायची असते. ही वाट पाहणे अनेकांना जाचक वाटते, पण घाईने काढलेला आकडा दिशाभूल करतो.

प्रयोगशाळेतही चुकण्याच्या जागा आहेत आणि त्यांतली बायोटिनची गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. अनेक यंत्रांमध्ये प्रतिपिंडे पकडून ठेवण्यासाठी बायोटिन हे ‘ब’ गटातले जीवनसत्त्व आणि स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन यांच्या घट्ट बंधाचा उपयोग केला जातो. प्रौढांची बायोटिनची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम मानली जाते, तर केस आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅमही असते. हे जादा बायोटिन नमुन्यातून चाचणीत शिरले की बंधाच्या जागा अडवते. परिणामी एका प्रकारच्या चाचणीत टीएसएच खोटे कमी, तर दुसऱ्या प्रकारच्या चाचणीत थायरॉक्सिन खोटे जास्त भरते. कागदावर थायरॉइड उतू चालल्याचे हुबेहूब चित्र उभे राहते आणि समोरची व्यक्ती मात्र ठणठणीत असते. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये याबाबत इशारा दिला. काही दिवस गोळी बंद करून नमुना पुन्हा घेतला की चित्र पुसले जाते. प्रोलॅक्टिन या पिट्युटरीच्या दूध आणणाऱ्या संप्रेरकाच्या चाचणीत याहून चमत्कारिक प्रकार घडतो: पिट्युटरीची गाठ फार मोठी असेल, तर संप्रेरकाच्या पुरामुळे यंत्रातली प्रतिपिंडे गुदमरतात आणि आकडा साधारणच दिसतो, नमुना शंभरपट पातळ करून मोजला की खरी पातळी वर येते. गाठीचा आकार आणि आकडा जुळत नाहीत हे डॉक्टरांनी प्रयोगशाळेला कळवले, तरच हे घडते.

यॅलो आणि बर्सन यांच्या पद्धतीचा मला सर्वात मोठा वाटणारा उपयोग नवजात बाळांसाठी झाला. साधारण २,००० ते ४,००० बाळांमागे एकाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच नसते किंवा पुरेसे काम करत नाही. आईकडून आलेल्या संप्रेरकामुळे जन्मावेळी ते बाळ इतरांसारखेच दिसते आणि लक्षणे उघड होईतो मेंदूचे नुकसान होऊन चुकलेले असते. १९७० च्या दशकात कॅनडातील क्वेबेक प्रांतात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून त्यातले थायरॉक्सिन मोजायला सुरुवात झाली. एका थेंबात, तेही वाळलेल्या, हे मोजमाप शक्य व्हावे इतकी ती पद्धत सूक्ष्म होती. आज अनेक देशांत जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत असा कागद प्रयोगशाळेत पोहोचतो, आणि आकडा बिघडलेला आढळला तर दोन आठवड्यांच्या आत थायरॉक्सिनची गोळी चुरून बाळाला चमच्याने देणे सुरू होते.