हुबेहूब पाहिजे की स्टाईलमध्ये? चित्राची ऑर्डर देण्याआधी एकदा वाचून घ्या

आमच्याकडे चित्र काढून घ्यायला येणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "हुबेहूब पाहिजे, पण जरा कार्टूनसारखं." मागणीत चूक काही नाही, पण त्या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळी चित्रं बसू शकतात, आणि तुमच्या मनातलं कुठलं ते आम्हाला कळलं नाही तर रफ (पेन्सिलचं कच्चं चित्र) बघून तुम्ही म्हणणार "डोकं एवढं मोठं का केलंत" आणि आम्ही म्हणणार "तुम्हीच तर सांगितलं होतं". म्हणून हे माहितीपत्रक. थोडं लांब आहे, पण निवांत वाचा, नंतरची बरीच वादावादी वाचेल.

आधी मापांचं बघू

चित्रकार माणसाची उंची डोक्यात मोजतात, म्हणजे हनुवटीपासून टाळूपर्यंत एक डोकं धरायचं आणि पूर्ण शरीरात अशी किती डोकी बसतात ते बघायचं. वाढ पूर्ण झालेला माणूस साधारण सात ते साडेसात डोकी भरतो. चित्रकलेच्या क्लासमध्ये मात्र बऱ्याचदा आठ डोक्यांचा माणूस शिकवतात, कारण तो जरा रुबाबदार दिसतो आणि मोजायलाही सोपा पडतो. फॅशनच्या स्केचमध्ये नऊ-दहा डोकी करतात आणि ती जास्तीची उंची जवळजवळ सगळी पायांत घालतात. उलट चिबी टाइपचं (जपानी कार्टूनमधलं मोठ्या डोक्याचं, बुटकं) गोंडस कॅरॅक्टर दोन-तीन डोक्यांतच संपतं. आणि नुकतं जन्मलेलं बाळ खरोखरच साधारण चार डोक्यांचं असतं बरं का, म्हणून मोठ्या माणसाचं डोकं वाढवत नेलं की तो बघणाऱ्याला लहान मूल वाटायला लागतो. तुम्हाला तुमचा साहेब कार्टूनमध्ये पाहिजे असेल पण पोरगेला दिसायला नको असेल, तर डोकं मोठं ठेवून जबडा, मान आणि हात दणकट ठेवावे लागतात.

ही मापं ओढायची-ताणायची हौस कॉम्प्युटरबरोबर आलेली नाही. ग्रीक शिल्पकार लिसिपोस यानं त्याच्या आधीच्या पॉलिक्लिटसच्या मापापेक्षा डोकं लहान आणि शरीर सडपातळ केलं, का तर माणूस उंच वाटावा म्हणून. आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात पुरुषांचे पाच प्रकार सांगितलेत, हंस १०८ अंगुळांचा (अंगुळ म्हणजे बोटाची रुंदी), मग भद्र १०६, मालव्य १०४, रुचक १०० आणि शशक ९० अंगुळांचा. चेहरा १२ अंगुळं धरला की हंस पुरुष नऊ चेहऱ्यांचा झाला. इथे चेहरा म्हणजे केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत, पूर्ण डोकं नाही, त्यामुळे वरच्या हिशोबाशी थेट तुलना करू नका. पण मुद्दा लक्षात घ्या, कुणाला कुठलं माप द्यायचं हे तेव्हाही चित्र काढायला घेण्याआधीच ठरवायचे.

हुबेहूब चित्रातही मापं हलवलेली असतात

मायकेलअँजेलोचा डेव्हिड, १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला, पाच मीटरपेक्षा उंच, त्याचं डोकं आणि विशेषतः उजवा हात शरीराच्या मानानं मोठा आहे. पुतळा मुळात कॅथीड्रलवर उंच जागी बसणार होता, खालून बघताना वरचा भाग लहान दिसतो म्हणून तसं केलं असावं असं बऱ्याचदा सांगतात. आंग्र या फ्रेंच चित्रकाराची १८१४ सालची ओडालिस्क (पाठमोऱ्या पहुडलेल्या नग्न स्त्रीचं चित्र) बघा, त्वचा इतकी गुळगुळीत आणि खरी की पहिल्यांदा काही खटकतच नाही, पण पाठ एवढी लांब आहे की हिला मणके जास्त आहेत म्हणून तेव्हाच्या टीकाकारांनी नावं ठेवली होती. आंग्रला शरीरशास्त्र येत नव्हतं असं मुळीच नाही, त्याला ती वळणदार रेष पाहिजे होती आणि त्यानं ती घेतली.

आणि फोटो! "फोटोत आहे अगदी तसंच काढा" असं सांगणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. मोबाईल चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला आणि नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण १२ सेंटिमीटर मागे आहे असं धरलं तर कान पडतो ४२ सेंटिमीटरवर, म्हणजे नाकापेक्षा ४० टक्के लांब, त्यामुळे फोटोत नाक कानाच्या मानानं तेवढं फुगून येतं. तोच फोटो दोन मीटरवरून काढला तर फरक उरतो फक्त ६ टक्क्यांचा. म्हणजे सेल्फी हे आधीच अर्धं कॅरिकेचर (अर्कचित्र) असतं आणि त्यावरून हुबेहूब काढलं की घरचे म्हणतात नाक चुकलंय, आम्ही तरी काय करणार. त्यामुळे रेफरन्सचा फोटो दोन मीटर लांबून, थोडा झूम करून, खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढा, फ्लॅश नको, आणि ब्युटी फिल्टर तर अजिबातच नको.

कॅरिकेचर म्हणजे नुसतं नाक मोठं करणं नाही

ह्याबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून इथे जरा थांबतो. चांगल्या अर्कचित्रात आम्ही जे वाढवतो ते त्या माणसाचं सरासरी चेहऱ्यापेक्षा जे वेगळं आहे तेच. डोळे जवळ असतील तर अजून जवळ, वरचा ओठ लांब असेल तर अजून लांब, आणि जे चारचौघांसारखं आहे त्याला हात लावायचा नाही. सुसान ब्रेनन यांनी १९८० च्या दशकात नेमकं हेच करणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम बनवला होता, एखादा चेहरा सरासरी चेहऱ्याशी ताडून बघायचा आणि जो फरक निघेल तो वाढवायचा. पुढे १९८७ साली छापून आलेल्या एका प्रयोगात असं दिसलं की ओळखीच्या माणसांची अशी वाढवलेली रेखाचित्रं लोकांनी साध्या हुबेहूब रेखाचित्रांपेक्षा पटकन ओळखली. थोडक्यात, मापं बिघडवूनसुद्धा माणूस जास्त ओळखू येऊ शकतो, फक्त बिघाड बरोबर दिशेनं पाहिजे.

ह्याचं जुनं आणि भन्नाट उदाहरण म्हणजे फ्रान्सचा राजा लुई फिलिप. वर निमुळतं कपाळ, खाली लोंबणारे गाल. शार्ल फिलिपों या व्यंगचित्रांच्या प्रकाशकावर १८३१ मध्ये राजाच्या बदनामीचा खटला चालू होता, तेव्हा त्यानं चार चित्रं काढून दाखवली, पहिल्यात राजाचा चेहरा आणि एकेक पायरीनं बदलत चौथ्यात सरळ पेअर हे फळ, आणि विचारलं की आता ह्यातल्या कुठल्या चित्राला शिक्षा करणार? शिक्षा त्याला झालीच, पण नंतर भिंतीवर कुणी नुसतं पेअर खरडलं तरी लोकांना राजा दिसायला लागला. डोळे नाहीत, नाक नाही, फक्त बाहेरचा आकार, आणि माणूस ओळखू येतोय!

ह्यावरून दोन गोष्टी सांगायच्यात. एक म्हणजे ओळख बऱ्याचदा नाकाडोळ्यांपेक्षा एकूण आकारात असते, त्यामुळे आम्ही पहिल्या रफमध्ये डोळ्यांच्या पापण्या वगैरे काढतच नाही, डोक्याचा आकार आणि नाक-डोळे-तोंड यांच्यातली अंतरं एवढंच दाखवतो, ते बघून "हे अर्धवट आहे" म्हणू नका. दुसरी गोष्ट, वाढवायचं तर कुठेतरी कमीही करावं लागतं. कपाळ मोठं केलं की हनुवटीला जागा कमी सोडायची, तरच कपाळ मोठं वाटतं. "नाक पण मोठं करा, दात पण, कान पण, पोट पण" अशी यादी आली की आम्ही हात जोडतो, कारण सगळेच ओरडायला लागले तर कोणाचंच ऐकू येत नाही. दोन गोष्टी निवडा, फार तर तीन.

अजून एक, आम्ही वाढवतो ते त्या एका माणसाचं वेगळेपण. एखाद्या समाजाची किंवा वंशाची म्हणून जी ठरीव थट्टा असते, नाकाची, ओठांची, रंगाची, ती आम्ही काढत नाही. सभ्यतेचं कारण तर आहेच, पण त्यानं चेहरासुद्धा जुळत नाही, चित्र त्या माणसाचं न होता भलत्याच कुणाचं होतं. व्रण, टक्कल, वजन ह्या गोष्टी गिफ्टच्या चित्रात घ्यायच्या का नाही ते मात्र तुम्हीच सांगा, ज्याला द्यायचंय तो हसेल की गप्प होईल हे तुम्हालाच माहिती असणार.

गोंडस, आणि विचित्र

गोंडस दिसण्यामागचं गणित कोनराड लॉरेन्झ या प्राणीशास्त्रज्ञानं १९४३ मध्ये मांडलं होतं, मोठं डोकं, उंच कपाळ, मोठे आणि खाली बसलेले डोळे, गुबगुबीत गाल, आखूड हातपाय. मोठ्या माणसाचे डोळे खरं तर डोक्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर असतात (आरशासमोर पट्टी घेऊन बघा, बहुतेकांना वाटतं की ते बरेच वर आहेत), गोंडस कॅरॅक्टरमध्ये आम्ही ते मध्याच्या खाली आणतो आणि अर्धं काम तिथेच होतं.

आता येतो तुमच्या त्या "हुबेहूब पण कार्टूनसारखं" वर. आमचा सगळ्यात पक्का अनुभव असा की मापं आणि बारकावे यांनी बरोबर चालायला पाहिजे. मापं खरी तर शेडिंग खरं चालेल, केसन् केस काढला तरी चालेल. मापं जशी वास्तवापासून लांब जातील तसे बारकावेही कमी करत न्यायचे, ओठाला एक रेष, नाकाला एक छोटा कोन, बस. टपोरे डोळे, इवलंसं नाक, दोन डोक्यांचं शरीर आणि त्यावर त्वचेची छिद्रं आणि ओले चमकणारे दात असं केलं की चित्र गोंडस न वाटता अंगावर येतं. रोबोटवर काम करणारे मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच लिहिलं होतं की एखादी वस्तू माणसासारखी होत गेली की आधी आपल्याला आवडत जाते, पण जवळजवळ माणूस पण पूर्ण नाही अशा टप्प्यावर आली की एकदम नकोशी वाटते. तिथे आम्हाला पोचायचं नाहीये. ह्याला एक अपवाद आहे, राजकीय किंवा बोचरं कॅरिकेचर, तिथे प्रचंड डोकं आणि अगदी खरं रंगकाम मुद्दाम एकत्र करतात कारण बघणाऱ्याला टोचायचंच असतं. वाढदिवसाच्या गिफ्टला ते नको.

स्टाईल का चूक, कसं ओळखायचं

"ही आमची स्टाईल आहे" हे वाक्य चित्रकारांच्या धंद्यात फार सोयीचं आहे, आमच्याकडूनही ऐकलंत तर लगेच मान डोलवू नका. मुद्दाम केलेला बदल चित्रभर सारखा दिसतो, हात लहान तर सगळ्यांचे लहान, मान लांब तर सगळ्यांची लांब. पण एक कोपर कमरेपाशी आणि दुसरं मांडीपाशी, मान वळलीय पण दोन्ही कान पूर्ण दिसतायत, सगळ्यांचे हात खिशात नाहीतर पाठीमागे (हात काढायचा कंटाळा, दुसरं काय), असं दिसलं तर सरळ विचारा. उभ्या माणसाचं कोपर साधारण कमरेच्या पातळीला येतं, मनगट जांघेपाशी, आणि चेहऱ्यावर ठेवला तर हाताचा पंजा हनुवटीपासून जवळजवळ केसांपर्यंत पोचतो, एवढं तपासायला चित्रकला यायला लागत नाही. आणि ही खरी मापं ज्याला येतात त्यालाच ती नीट मोडता येतात असं आमचं मत आहे, म्हणून आमच्याकडे कार्टून काढणाऱ्यालाही आधी सांगाड्यावरून सराव करावा लागतो.

चित्र कुठे लागणार ते आधी सांगा

आयकॉन किंवा स्टिकर असेल तर हुबेहूबचा हट्ट सोडा. ३२ पिक्सेल उंचीत साडेसात डोक्यांचा माणूस बसवला तर डोक्याला मिळतात जेमतेम चार पिक्सेल, त्यात डोळे-नाक-तोंड काय दाखवणार? तीन डोक्यांचा केला की दहा-अकरा पिक्सेल मिळतात आणि निदान हसू तरी दिसतं. उलट गेलेल्या माणसाचं चित्र भिंतीवर लावायचं असेल, किंवा झाडाची नाहीतर शरीराच्या भागाची माहिती देणारं चित्र असेल तर आम्ही खरी मापंच धरतो, तिथे स्टाईलचा आग्रह तुम्ही धरलात तरी आम्ही एकदा नको म्हणून बघू. अ‍ॅनिमेशनसाठी कॅरॅक्टर असेल तर ते पूर्ण काळं भरून नुसता बाहेरचा आकार ओळखू येतो का हे आम्ही आधी तपासतो, कारण हलत्या चित्रात लोक तेवढंच बघतात.

पाठवायचं काय तर दोन-तीन फोटो (समोरून, तिरका, आणि एक हसतानाचा), चित्र किती मोठं छापणार किंवा कुठल्या स्क्रीनवर दिसणार ते, आणि तुम्हाला आवडलेली एक-दोन चित्रं. त्यातलं नेमकं काय आवडलं ते पण लिहा, रेषा, रंग का डोक्याचं माप, कारण "असं काहीतरी" एवढ्यावरून आम्हाला ह्यातलं कुठलं ते कळत नाही. दुसऱ्या चित्रकाराची स्टाईल जशीच्या तशी उचलून द्या म्हणाल तर ते होणार नाही.

मापांबद्दल जे काही म्हणायचं ते रफवरच म्हणून टाका, घरात दाखवा, दोन दिवस घ्या, डोकं लहान, पाय लांब, नाक अजून ओढा, तिथे सगळं पाच मिनिटांत होतं. शाईनं पक्कं चित्र झाल्यावर "डोकं जरासं लहान करा" म्हणालात तर मान, कॉलर, खांदे, केसांची सावली सगळंच परत काढावं लागतं, म्हणून त्या टप्प्यावर आम्ही फक्त रंग आणि कपड्यांचे किरकोळ बदल घेतो.