एक्सायटोटॉक्सिसिटी रोखणारी औषधं

मेंदूच्या पेशी जास्त उत्तेजित होऊन मरू नयेत म्हणून असलेली ही औषधं, आणि यातली बरीचशी ग्लुटामेटचा जोर कमी करणारी आहेत. ग्लुटामेट काही विष नाही बरं का, मेंदूतल्या पेशी एकमेकींना जागं करतात ते मुख्यतः त्याच्याच जोरावर, शिकणं नि लक्षात ठेवणं त्याच्याशिवाय होतच नाही. पण स्ट्रोकमध्ये रक्त थांबलं की पेशींची एनर्जी संपते, ग्लुटामेट बाहेर साचतं, एनएमडीए रिसेप्टरची (पेशीवरची ग्लुटामेटने उघडणारी दारं) दारं उघडीच राहतात, कॅल्शियम आत घुसत राहतं आणि पेशी आतून मोडायला लागते.

अति-उत्तेजनाने होणाऱ्या या इजेला एक्सायटोटॉक्सिसिटी हे नाव जॉन ओल्नी या अमेरिकन संशोधकाने दिलं. १९६९ मध्ये त्यांनी उंदरांच्या पिल्लांना मोनोसोडियम ग्लुटामेट म्हणजे आपला अजिनोमोटो टोचून मेंदूतली इजा दाखवली (डोस भलताच मोठा होता, त्यावरून चायनीजच्या गाडीला नावं ठेवू नका). आपल्याकडचं उदाहरण विदर्भातल्या लाखोळीच्या डाळीचं. महिनोन्‌महिने तेच मुख्य खाणं झालं तर पाय लुळे पडतात, त्यातलं ओडॅप नावाचं द्रव्य ग्लुटामेटसारखंच एएमपीए रिसेप्टर (ग्लुटामेटचंच दुसरं दार) चेतवतं.

मग रिसेप्टरच बंद करून टाकू की, असं वाटणं साहजिक होतं, पण तिथेच घोडं अडलं. एनएमडीएचं दार बंद करणारं एमके-८०१ हे औषध प्राण्यांमध्ये भारी चाललं, पण दार इतकं घट्ट बंद करतं की त्यानेच उंदरांच्या मेंदूला इजा होते हे नंतर दिसलं. स्ट्रोकसाठीचं सेल्फोटेल माणसांवरच्या चाचण्यांमध्ये फसलं. उशिरा दिलं म्हणून फसतं म्हणावं तर फास्ट-मॅग नावाच्या चाचणीत १७०० पेशंटना लॉस एंजेलिस भागात अँब्युलन्समध्येच, दोन तासांच्या आत, मॅग्नेशियम (हेही एनएमडीएचं दार अडवतं) किंवा डमी औषध सुरू केलं, २०१५ मध्ये रिझल्ट आला, फायदा नाही.

टिकली ती मवाळ औषधं. मेमँटीन दारात सैलसर बसतं, दार फार वेळ उघडं राहिलं तर अडवतं आणि नेहमीच्या कामाला पटकन जागा सोडतं. अमेरिकेत २००३ मध्ये मध्यम ते तीव्र अल्झायमरसाठी मंजूर झालं, रोज ५ मिलिग्रॅमपासून हळूहळू २० पर्यंत नेतात. लक्षणांना थोडा आधार मिळतो, आजार थांबत नाही, पेशी खरंच वाचतात का हे माणसांत सिद्ध झालेलं नाही. एएलएस या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या नसांच्या आजारात रिल्युझोल आहे, १९९५ पासून, ते मुळात ग्लुटामेट सुटणंच कमी करतं, आणि चाचण्यांमध्ये त्याने आयुष्य साधारण दोन-तीन महिने वाढलं.