अमिबा नुसता गिळत नाही भो, चावतोही

हिवाळा लागला की आमच्या जळगाव भागात भरीत पार्ट्या सुरू होतात, शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, ठेचायची, हिरवी मिरची अशी की कानातून धूर, आणि पाणी जे असेल ते, विहिरीचं नाहीतर टाकीचं. मग कधीतरी कोणाच्या पोटात मुरडा उठतो, आव पडते, शेंबडासारखं आणि त्यात रक्त, आणि घरातली म्हातारी एका वाक्यात निकाल देऊन मोकळी होते, "मिरची बाधनी रे भो तुले."

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, आयुष्य दुसऱ्यांच्या संडासाचे नमुने बघण्यात चाललंय, त्यामुळे सांगू शकतो की स्लाईडवर मिरची कधी सापडलेली नाही. जे सापडतं त्याचं नाव एन्टअमिबा हिस्टोलिटिका, एकाच पेशीचा एक अमिबा. आणि हा पोटात गेल्यापासून त्रास सुरू व्हायला बहुतेक वेळा २ ते ४ आठवडे लागतात, म्हणजे आज मुरडा आला तर चूक कालच्या भरताची नसते, महिनाभरापूर्वीच्या कुठल्यातरी पाण्याची किंवा न धुतलेल्या हाताची असते, आणि ते कोणाला आठवत नाही. मिरची मात्र आठवते.

लोक नमुना सकाळी घेतात, पिशवीत टाकतात, चार कामं उरकून दुपारी आणतात. आम्ही ओरडतो ते उगाच नाही. जिवंत अमिबा शरीराबाहेर लवकर गार पडतो, अर्ध्या तासाच्या आत बघितला तर हलताना दिसतो, नाहीतर तो नुसता एक गोळा, बाकीच्या गोळ्यांसारखाच. ताजा नमुना असेल तर आव लागलेला भाग काडीने उचलायचा, सलाईनच्या थेंबात कालवायचा, वर कव्हरस्लिप, आणि बघत बसायचं. एका बाजूने काचेसारखा स्वच्छ फुगवटा बाहेर येतो आणि बाकीचं अंग त्यात ओतल्यासारखं सरकतं. आकार साधारण २० ते ४० मायक्रॉन, एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि नीट बघितलं तर अमिबाच्या पोटात गोल गोल दाणे, त्या माणसाच्या लाल पेशी. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी डबा न उघडता तसाच घरी नेला होता, खोटं कशाला सांगू.

हा प्राणी पहिल्यांदा बघितला तो १८७५ साली, रशियात सेंट पीटर्सबर्गला फेडोर लॉश नावाच्या डॉक्टरने, एका शेतकरी रुग्णाच्या आवेत. नाव पडलं १९०३ मध्ये, जर्मनीच्या शाउडिनने ठेवलं, हिस्टो म्हणजे ऊती आणि लिटिका म्हणजे विरघळवणारा. नावामुळे असेल, पण बरीच वर्षं डोक्यात चित्र तेच होतं की हा ॲसिड ओतल्यासारखा आतडं विरघळवतो, पेशी आधी मारतो आणि मग मेलेली पेशी निवांत खातो. त्यात अर्धं खरं आहे, ऊतींची वीण सैल करणारे एन्झाइम त्याच्याकडे आहेतच, दुसऱ्या पेशीला भोकं पाडू शकतील अशी प्रथिनंसुद्धा आहेत. पण एक गोष्ट जमत नव्हती. अमिबा पेशीला प्रत्यक्ष चिकटल्याशिवाय पेशी मरत नाही. नुसतं शेजारी बसून चालत नाही.

चिकटतो कसा तर त्याच्या अंगावर एक प्रथिन असतं, ते आपल्या पेशीवरची गॅलॅक्टोज ही साखर पकडतं, दुधातल्या साखरेचा अर्धा भाग असतो तीच. प्रयोगात डिशमध्ये वरून गॅलॅक्टोज ओतलं की पकड सुटते, कारण त्याचे हात आधीच भरलेले. (म्हणून दूध प्या असं मी म्हणत नाहीये, आव झाल्यावर दूध पिऊन बघा, मग कळेल.)

मग २०१४ मध्ये अमेरिकेत कॅथरीन राल्स्टन आणि विल्यम पेट्री यांच्या टीमने मायक्रोस्कोपखाली हे जिवंत चालू असताना बघितलं, आणि चित्र पालटलं. अमिबा पेशी आधी मारत नाही, जिवंत पेशीचेच लचके तोडतो. चिकटला की मिनिटांत सुरू, एक तुकडा, दुसरा तुकडा, आणि पेशी तेव्हा जिवंत असते. याला नाव आहे ट्रोगोसायटोसिस, ग्रीक शब्दावरून, ट्रोगो म्हणजे कुरतडणं. तुकडे जातात तसं पेशीच्या आतलं कॅल्शियम वाढतं. एरवी पेशी आतमध्ये कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा जवळपास दहा हजार पटीने कमी ठेवते, त्यासाठी रात्रंदिवस पंप चालू असतात, धरणाच्या भिंतीसारखा प्रकार आहे तो, भिंत गळायला लागली की आतलं सगळं तंत्र बिघडतं आणि शेवटी पेशी मरते.

आणि खरी गंमत पुढे आहे. पेशी मेली की अमिबा खाणं थांबवतो आणि तिला सोडून देतो. रावेर-यावलकडे ज्यांची केळीची बाग आहे त्यांना हे सांगायची गरज नाही, वानरं बागेत शिरली की एक केळं संपवून दुसरं घेत नाहीत, अर्धं चावतात, फेकतात, पुढच्या घडाला हात घालतात. खाल्लं किती यापेक्षा नासवलं किती हा हिशोब. आतड्यात पण तेच होतं, वरून बारीक तोंड आणि आत पसरत गेलेली, सुरईच्या आकाराची जखम तयार होते.

त्याच टीममधल्या राल्स्टनबाईंनी नंतर कॅलिफोर्नियात अजून एक दाखवलं. चावलेल्या तुकड्यांमधली माणसाची प्रथिनं अमिबा स्वतःच्या अंगावर मिरवतो, आणि तसा अमिबा आपल्या रक्तातल्या परक्याला फोडणाऱ्या प्रथिनांपासून वाचतो. लग्नात वऱ्हाडाचाच फेटा बांधून पंगतीत बसलेला फुकट्या म्हणा, वाढणारा कशाला विचारेल.

सगळे परजीवी असेच मारतात असं नाही. मलेरियाचा जंतू बरोबर उलटा, तो लाल पेशीच्या आत घर करतो, हिमोग्लोबिन खातो, फाल्सिपेरम जातीचा असेल तर साधारण ४८ तासांत १६ ते ३२ पिल्लं करून पेशी फोडून बाहेर, म्हणून ती थंडी वाजून येण्याची पाळी. तो आतून फोडतो, हा बाहेरून कुरतडतो.

आता लॅबवाल्याची एक तक्रार ऐका. याचा एक जुळा भाऊ आहे, एन्टअमिबा डिस्पार, तो काहीच करत नाही, आणि मायक्रोस्कोपखाली दोघं सारखेच दिसतात. पोटात लाल पेशी दिसल्या तर हिस्टोलिटिका म्हणायला आधार, नुसत्या सिस्ट, म्हणजे कवचात गुपचूप बसलेले अमिबा, दिसल्या तर खरं म्हणजे सांगता येत नाही, तरी लोक रिपोर्ट फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि मेडिकलवरून मेट्रोनिडाझोल आणून गिळतात. खरा हिस्टोलिटिका असला तरी दहातल्या साधारण नऊ जणांत तो गुपचूप पडून राहतो. आणि मेट्रोनिडाझोल जखमेतल्या अमिबाला मारतं पण आतड्यात राहिलेल्या सिस्टवर त्याचा भरवसा नाही, त्यासाठी डॉक्टर नंतर वेगळं औषध देतात, तो कोर्स लोक बरं वाटलं म्हणून सोडतात. सिस्टचं कवच दणकट, नळाच्या पाण्यात असतं तेवढ्या क्लोरीनला दाद देत नाही, उकळलं की मरते.

कधी कधी तो आतड्याच्या रक्तवाहिनीतून लिव्हरमध्ये पोचतो, जास्त करून उजव्या भागात, आणि बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त. तिथे गळू होतं. परवा असा नमुना आला, चॉकलेटी रंगाचं दाट पाणी, वास अजिबात नाही. त्याला पू म्हणतात पण पूच्या पेशी त्यात थोड्याच, ते बहुतेक विरघळलेलं लिव्हर असतं. पहिल्या सिरिंजमध्ये मी तासभर शोधलं, एक अमिबा नाही. सरांनी सांगितलं की शेवटची सिरिंज बघ, गळूच्या भिंतीजवळून आलेली. मायक्रोस्कोपच्या तिसऱ्याच फील्डमध्ये दिसला, सरकत होता. मधल्या मेलेल्या मालात त्याला काय काम, तो कडेला होता, जिथे लिव्हर अजून जिवंत होतं.